ठिपक्यांमधून ताऱ्याची उकल

दुर्बीण जितकी मोठी तितके चित्र सुस्पष्ट, हा समज जमिनीवरच्या दुर्बिणींबाबत निम्माच खरा आहे. मोठा आरसा प्रकाश अधिक गोळा करतो; बारकाव्यांची मर्यादा मात्र बहुतेक वेळा हवा ठरवते. तापमानातील लहानसहान फरकांमुळे हवेचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) जागोजागी किंचित बदलतो आणि ताऱ्याकडून जवळजवळ सपाट येणारे तरंगमुख (प्रकाशलहरीचा पुढचा पृष्ठभाग) आरशापर्यंत येताना सुरकुतते. बऱ्यापैकी शांत रात्रीही ते दहाएक सेंटिमीटरच्या टापूपुरतेच सपाट उरते. म्हणून पाच मीटर व्यासाच्या ज्या आरशाने विकलेच्या (अंशाच्या 3600व्या भागाच्या) चाळिसाव्या हिश्शाइतका बारकावा दाखवायला हवा, त्याच्याही दीर्घ छायाचित्रात ताऱ्याची सुमारे एक विकला रुंद चकतीच उमटते.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंत्वान लाबेरी यांनी 1970 साली यातून वाट काढली. सेकंदाच्या काही शतांश भागात छायाचित्र टिपले, तर सुरकुत्यांना हलायला वेळच मिळत नाही आणि चकतीऐवजी बारीक ठिपक्यांचा पुंजका दिसतो. आरशाच्या दूरदूरच्या भागांवरून आलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून (लहरी एकमेकींत मिसळण्यातून) हे ठिपके तयार होत असल्याने त्यांचा आकार आरशाच्या संपूर्ण व्यासावरून ठरतो. म्हणजे बारकावे नष्ट झालेले नसतात, विखुरलेले असतात. जोडतारा असेल तर प्रत्येक ठिपक्याचा जोडीदार ठरावीक अंतरावर सापडतो. अशी शेकडो चित्रे नुसती एकावर एक रचली तर पुन्हा चकतीच मिळते. परंतु प्रत्येकाचे फुरिए रूपांतर करून, म्हणजे चित्र लहानमोठ्या लहरींत विभागून, त्याच्या परिमाणाच्या वर्गाची सरासरी काढली, तर ते अंतर टिकते. प्रावस्था, म्हणजे त्या लहरींची जागा, मात्र हरवते, त्यामुळे दोघांपैकी कोणता तारा कोणत्या बाजूला आहे हे समजत नाही. त्यावरचा एक उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. आरशावरच्या तीन जागा घेऊन त्यांच्या तिन्ही जोड्यांमधील प्रावस्थांच्या फरकांची क्रमाने बेरीज करायची. प्रत्येक जागी हवेने घातलेली चूक एका जोडीत अधिक, तर दुसऱ्या जोडीत उणे येते आणि बेरजेत नाहीशी होते. उरते ती केवळ ताऱ्याची माहिती. काही मोबाइल चंद्राच्या धूसर फोटोत स्वतःच्या मनाने विवरे भरतात; त्या करामतीशी या गणिताची गल्लत करू नये.

टॅरेंट्युला या वायू-धुळीच्या तेजोमेघातील आर136ए हा प्रखर प्रकाशबिंदू म्हणजे एकच तारा असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या हजारो पट असावे, असे 1980च्या दशकारंभी काही संशोधक मांडत होते. 1985 साली खगोलशास्त्रज्ञ वायगेल्ट आणि बायर यांनी ठिपक्यांच्या चित्रांवरूनच त्यात किमान आठ तारे असल्याचे दाखवले आणि तो महाकाय तारा निकालात निघाला. त्या आठांतील सर्वांत जड ताऱ्याची 2022 मध्ये चिलीतील जेमिनाय साउथ दुर्बिणीने याच पद्धतीने पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्याचे वस्तुमान सूर्याच्या 170 ते 230 पट भरले. आधीच्या अंदाजांपेक्षा तेही कमीच.