व्यापार कराराच्या बोलण्यांत पोलादाचा कर बाहेर का राहतो

२०२५ मध्ये भारत-अमेरिका व्यापार कराराची बातमी आली, की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि काकती भागातल्या फौंड्रीवाल्यांचा, म्हणजे ओतकाम कारखानदारांचा, पहिला प्रश्न ठरलेला असे: करार झाला तर आपल्या मालावरचा कर उतरणार का? प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. वाटाघाटींत ज्या कराची चर्चा सर्वांत जास्त झाली तो, म्हणजे भारताच्या मालावरचा सर्वसाधारण कर, एक, आणि लोखंड-पोलादावर बसलेला दुसरा. दोन्हींचे कायदे वेगळे, दर वेगळे आणि ते हटवण्याच्या वाटाही वेगळ्या. ही नोंद दुसऱ्या कराची आहे आणि २०२५ च्या अखेरपर्यंतच्या घडामोडींपुरती आहे.

त्या कराचं मूळ १९६२ च्या अमेरिकी व्यापार विस्तार कायद्याच्या कलम २३२ मध्ये आहे. एखाद्या मालाच्या आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे का, याची चौकशी अमेरिकेचं वाणिज्य खातं करतं. त्यासाठी २७० दिवसांची मुदत असते. अहवालात धोका दाखवला असेल तर राष्ट्राध्यक्षांनी ९० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. संसदेच्या मतदानाची गरज नाही, कराला शेवटची तारीखही नाही. अनेक दशकं हे कलम मुख्यतः तेलापुरतं वापरलं गेलं. मार्च २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने त्याच कलमाखाली पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के कर बसवला.

पोलादाला संरक्षण देणारा कर अमेरिकेने त्याआधीही लावला होता, आणि तो का टिकला नाही हे पाहिलं की २३२ चं वेगळेपण कळतं. मार्च २००२ मध्ये बुश सरकारने ३० टक्क्यांपर्यंतचा कर लावला, पण तो कलम २०१ खाली, म्हणजे सेफगार्ड (आयात वाढून देशी उद्योगाचं नुकसान झालं तर लावायचा तात्पुरता उपाय) म्हणून. सेफगार्डला जागतिक व्यापार संघटनेचे नियम आहेत: मुदत, नुकसानीचा पुरावा, बाधित देशांशी सल्लामसलत. नोव्हेंबर २००३ मध्ये निकाल अमेरिकेविरुद्ध गेला. युरोपने फ्लोरिडाच्या संत्र्या-लिंबांपर्यंत पोचणारी प्रत्युत्तराची यादी तयार ठेवली होती. ४ डिसेंबर २००३ ला कर मागे घेतला गेला. २३२ च्या बाबतीत अमेरिकेचं म्हणणं असं, की हा सुरक्षेचा विषय आहे, गॅट या जागतिक व्यापार कराराच्या कलम २१ मध्ये त्याला सूट आहे आणि त्यावर बाहेरच्या कुणी निवाडा करू नये. डिसेंबर २०२२ मध्ये चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तानच्या तक्रारींवर निवाडा मंडळाने हा दावा फेटाळला. अमेरिकेने अपील केलं. पण अपील मंडळावर डिसेंबर २०१९ पासून पुरेसे सदस्यच नाहीत, त्यामुळे ते अपील आजवर सुनावणीला आलेलं नाही. कायद्याची लढाई जिंकूनही हाती काही लागत नाही, ते यामुळे.

मग हा कर कधी कुणी हटवलाच नाही का? हटवला. ती हकिकत नीट समजून घ्यावी अशी आहे, कारण दबाव नेमका कुठे टाकावा लागतो हे तिच्यात दिसतं. कॅनडा आणि मेक्सिको यांच्याबरोबरचा नवा उत्तर अमेरिकी करार ३० नोव्हेंबर २०१८ ला सह्या होऊन तयार होता. त्या दोघांच्या पोलादावर मात्र २३२ चा कर चालूच होता. दोन्ही देशांनी प्रत्युत्तराचा कर लावला, आणि तो पोलादापुरता ठेवला नाही. मेक्सिकोने डुकराचं मांस, चीज, सफरचंद निवडले; कॅनडाने १६.६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या मालाच्या यादीत केचप, दही, व्हिस्कीसुद्धा घातली. ज्या राज्यांतले सिनेटर सत्ताधारी पक्षाचे, तिथल्या शेतकऱ्यांना झळ लागेल अशी ही निवड होती. झालंही तसंच. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली तेव्हा सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष होते, आणि व्यापार करार त्याच समितीसमोर येतात. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी जाहीर लेखातून बजावलं, की पोलादाचा कर गेला नाही तर करार मंजूर होणार नाही. १७ मे २०१९ ला तिन्ही देशांनी तोडगा जाहीर केला आणि दोघांवरचा कर उठला. करार १ जुलै २०२० ला लागू झाला.

इथे तीन गोष्टी एकदम जुळून आल्या होत्या: संसदेच्या मंजुरीची वाट पाहणारा करार, त्या मंजुरीची चावी हातात असलेला माणूस, आणि त्याच्याच मतदारांना बसलेली झळ. भारताकडे यातली एकच गोष्ट होती, ती म्हणजे झळ लावणारं प्रत्युत्तर.

भारताने जून २०१८ मध्ये प्रत्युत्तराची यादी काढली, पण बोलणी चालू असल्याने अंमल पुनःपुन्हा पुढे ढकलला. ५ जून २०१९ ला अमेरिकेने भारताची जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या मालाला मिळणारी करमाफी) काढली, आणि १६ जूनला भारताने २८ वस्तूंवर वाढीव कर लागू केला. बदाम, अक्रोड, मसूर, हरभरा त्यात होते. सफरचंदावरचा कर ५० वरून ७० टक्क्यांवर गेला. वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंद बागायतदारांनी मग आपल्या खासदारांकडे तगादा लावला, आणि तो फळाला आला. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यात जागतिक व्यापार संघटनेतले सहा वाद मिटवायचं ठरलं. भारताने वाढीव कर काढला, सफरचंद पुन्हा ५० वर आलं. बदल्यात मिळालं ते मात्र थेट करमाफी नव्हतं. भारतीय पोलादासाठी येणाऱ्या सूट-अर्जांपैकी ७० टक्के आणि ॲल्युमिनियमचे ८० टक्के मंजूर होतील, एवढंच आश्वासन होतं. अर्जही अमेरिकेतल्या खरेदीदाराने करायचा. कर जागेवरच राहिला, फक्त त्यातून जायला एक खिडकी उघडली. १० फेब्रुवारी २०२५ ला ती खिडकीही बंद झाली. नवे सूट-अर्ज घेणं थांबलं आणि भारताने २०२३ मध्ये जे कमावलं होतं त्याचा पाया निघून गेला.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. १२ मार्च २०२५ ला सगळ्या देशांच्या सवलती संपवून पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर २५ टक्के, ४ जूनला ५० टक्के. ब्रिटन तेवढा २५ वर राहिला. ९ मे रोजी भारताने जागतिक व्यापार संघटनेला नोटीस दिली. हा कर म्हणजे सेफगार्डच आहे, त्याची झळ भारताच्या ७.६ अब्ज डॉलरच्या मालाला बसते आणि त्यापोटी १.९१ अब्ज डॉलरचा कर वसूल होईल, तेवढ्याच सवलती आम्ही स्थगित करू शकतो, असा तो पवित्रा होता. अमेरिकेचं उत्तर अपेक्षित तेच आलं: हा सेफगार्ड नाही, सुरक्षेचा उपाय आहे.

याच काळात आपल्याकडचा एक कर नेमक्या अशाच दबावामुळे रद्द झाला, तेही पाहण्यासारखं आहे. परदेशी डिजिटल कंपन्यांवरची इक्वलायझेशन लेव्ही: २०१६ पासून ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के, २०२० पासून ई-कॉमर्सवर २ टक्के. अमेरिकेने अन्याय्य व्यापारधोरणांविरुद्धच्या कलम ३०१ खाली चौकशी करून जून २०२१ मध्ये कोळंबी, बासमती अशा मालावर २५ टक्के कर ठरवला आणि लगेच स्थगित ठेवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये समझोता झाला. २ टक्क्यांची लेव्ही १ ऑगस्ट २०२४ ला गेली, ६ टक्क्यांची १ एप्रिल २०२५ ला, म्हणजे व्यापार कराराच्या बोलण्यांच्या तोंडावर. वित्त विधेयकातली दुरुस्ती पुरेशी झाली. आपल्या बाजूचा कर इतक्या सरळ जातो आणि समोरचा जात नाही, ही असमानता वाटाघाटींच्या टेबलावर बसणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवायलाच हवी.

मनधरणीचं (लॉबिंगचं) काम वॉशिंग्टनमध्ये उघड नोंदणी करून चालतं. परदेशी सरकारसाठी काम करणाऱ्यांना १९३८ च्या कायद्याखाली करार आणि मेहनताना जाहीर करावा लागतो. त्या नोंदींनुसार भारतीय दूतावासाने एप्रिल २०२५ मध्ये एसएचडब्ल्यू पार्टनर्स ही फर्म वर्षाला १८ लाख डॉलरवर घेतली, ऑगस्टमध्ये मर्क्युरी पब्लिक अफेअर्स महिना ७५ हजार डॉलरवर. अशा फर्म भेटी घडवून आणतात. ओतकामाचा कोणता कस्टम्स कोड कराच्या यादीत येतो, हे मात्र त्या भेटींत ठरत नाही.

ते ठरतं ‘डेरिव्हेटिव्ह’च्या, म्हणजे पोलादापासून बनवलेल्या वस्तूंच्या यादीत, आणि बेळगाव-कोल्हापूर पट्ट्याचा खरा संबंध इथे येतो. आपण कॉइल किंवा प्लेट पाठवत नाही. पंपाचे भाग, व्हॉल्व्ह बॉडी, ट्रॅक्टर आणि कॉम्प्रेसरचे भाग पाठवतो, किंवा कच्चं ओतकाम पुण्या-कोल्हापूरच्या कंपनीला देतो आणि तिथून ते मशिनिंग होऊन जातं. दुसऱ्या प्रकारातल्या फौंड्रीच्या वहीत निर्यात दिसतच नाही. तिला फक्त महिन्याचं शेड्यूल कापलेलं दिसतं. २०२५ च्या वसंतात अमेरिकी वाणिज्य खात्याने नियम केला, की वर्षातून तीनदा, मे, सप्टेंबर आणि जानेवारीत, तिथले उत्पादक नवे कोड यादीत घालण्याची मागणी करू शकतात. मागणीवर हरकतींना १४ दिवस, निर्णयाला ६० दिवस. मे महिन्याच्या मागण्यांतून ४०७ कोड वाढले. घोषणा १५ ऑगस्टच्या सुमारास झाली आणि अंमल १८ ऑगस्टपासून. समुद्रात असलेल्या मालालाही माफी नव्हती. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर तिथे पोचायला आठवडे लागतात, त्यामुळे जुन्या दराने हिशेब केलेला माल नव्या दरात उतरला.

२०२५ मध्ये हिशेब असा चालत होता. कस्टम्स कोडच्या यादीतल्या ७३ व्या प्रकरणातला, म्हणजे लोखंड-पोलादाच्या वस्तूंचा माल यादीत असेल तर पूर्ण किमतीवर कर. ८४ किंवा ८७ व्या प्रकरणातला भाग असेल तर फक्त त्यातल्या पोलादाच्या किमतीवर २३२, उरलेल्या किमतीवर सर्वसाधारण दर. समजा भाग १० डॉलरचा, त्यात पोलाद ४ डॉलरचं. जुलै २०२५ मध्ये ४ वर ५० टक्के म्हणजे २ डॉलर, उरलेल्या ६ वर १० टक्के म्हणजे ६० सेंट, एकूण २.६० डॉलर. ७ ऑगस्टला सर्वसाधारण दर २५ झाला आणि तोच आकडा ३.५० वर गेला. पोलादाची किंमत वेगळी दाखवता आली नाही तर पूर्ण १० डॉलरवर ५० टक्के, म्हणजे ५ डॉलर. २७ ऑगस्टला रशियन तेलापोटी आणखी २५ टक्के आल्यावर सर्वसाधारण दरच ५० झाला आणि किंमत वेगळी दाखवण्यातला फायदा जवळजवळ संपला. सर्वसाधारण दर उतरला की असा फायदा परत येऊ शकतो, म्हणून कागद तयार ठेवणं सोडू नये.

चुका होतात त्या कोडमध्ये. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देशाचे आपले. आपल्या शिपिंग बिलावरचे आठ आकडे आणि तिथले दहा आकडे एक समजून चालत नाही. ७३२५.१० मध्ये साधं बीड येतं, ७३२५.९९ मध्ये इतर ओतकाम. ग्रे आयर्न की एसजी आयर्न (बिडाचे दोन प्रकार), हे बिलावर ‘कास्टिंग’ एवढंच लिहून कळत नाही, आणि तिथला कस्टम ब्रोकर शंका आली की महागडा कोड धरतो. धातू कोणत्या देशात वितळवून ओतला हे सांगावं लागतं, तेव्हा हीट नंबर (वितळवणीच्या खेपेचा क्रमांक), चार्ज शीट (भट्टीत काय घातलं त्याची नोंद) आणि टेस्ट सर्टिफिकेट यांची साखळी तुटलेली चालत नाही. कर कायद्याने आयातदार भरतो. पण डीडीपी अटीवर (कर भरून माल पोचवायची जबाबदारी विक्रेत्याची) ऑर्डर घेतली असेल तर तो आपल्याच गळ्यात पडतो. म्हणून एफओबी (जहाजावर माल चढला की विक्रेत्याची जबाबदारी संपते), आणि कर बदलल्यास दर पुन्हा ठरेल हे कलम ऑर्डरमध्ये हवंच.

हरकतीच्या १४ दिवसांत सर्वांत वजनदार कागद अमेरिकेतल्या ग्राहकाचा असतो: हा भाग तिथे कोणती फौंड्री ओतते का, नव्या पॅटर्नला (साचा करायच्या नमुन्याला) आणि मंजुरीला किती महिने लागतील, तोवर त्याची असेंब्ली लाइन कशी चालेल. ही माहिती त्याच्याकडे नसते, ती इथून जावी लागते. पॅटर्नची मालकी कुणाची, कोर बॉक्स (आतल्या पोकळीचे साचे) किती, पहिल्या नमुन्यापासून पीपॅप मंजुरीपर्यंत (ग्राहकाने उत्पादनाला दिलेल्या औपचारिक मान्यतेपर्यंत) किती वेळ गेला, वर्षाला किती टन माल गेला, हे एका पानात प्रत्येक भागासाठी आधीच लिहून ग्राहकाला आणि ईईपीसीला (अभियांत्रिकी निर्यात प्रोत्साहन परिषदेला) दिलेलं असेल, तर हरकतीची मुदत सुरू झाल्यावर पहिला आठवडा जमवाजमवीत जात नाही.