चिलटाची अळी, कातळावरचं कालव आणि तापलेली पेशी

मे महिन्यात आमच्या घरी माळ्यावर आंब्याची आढी लागली की चारेक दिवसांत चिलटं घोंघावायला लागतात. आजी म्हणायची ती आंब्यातनंच जन्मतात. तसं नसतं, जास्त पिकून आंबूस वास सुटलेल्या फळावर माद्या अंडी घालतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. (बागायतदार जिला घाबरतात ती फळमाशी वेगळी, अंगाने मोठी.) ह्या चिलटांना शास्त्रज्ञ ड्रोसोफिला म्हणतात, आणि पेशी ताण कसा झेलते हे पहिल्यांदा त्यांच्या अळीच्या लाळग्रंथीत दिसलं.

1960 च्या आसपास इटलीत नेपल्सला फेरूचियो रितोसा ह्या ग्रंथी मायक्रोस्कोपखाली बघत होता. लाळग्रंथीच का, तर तिथल्या क्रोमोसोमच्या हजारभर प्रती एकमेकींना चिकटून दोरखंडासारख्या जाड होतात आणि साध्या मायक्रोस्कोपनेही दिसतात. जिथलं जीन कामाला लागतं तिथे तो दोर सुटून फुगतो. एक दिवस त्याला नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगे दिसले. चौकशी केली तर कुणा सहकाऱ्याने इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं. त्याने मुद्दाम करून बघितलं, 25 अंशांच्या ग्रंथी 30 अंशांवर नेल्या की काही मिनिटांत तेच फुगे. एका नामवंत नियतकालिकाने हा पेपर नाकारला, शेवटी 1962 मध्ये तो दुसरीकडे छापून आला. त्या फुग्यांमधून कुठली प्रथिनं बनतात हे कळायला 1974 उजाडलं. त्यांचं नाव पडलं हीट शॉक प्रोटीन.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. प्रथिन म्हणजे ठरावीक पद्धतीने घडी घातलेली लांब साखळी, पाण्याला नकोसे असलेले तुकडे घडीच्या आत लपलेले. उष्णता वाढली की घडी सैल होते, ते तुकडे उघडे पडतात आणि दिसेल त्या शेजाऱ्याला चिकटतात, अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ते ह्याच प्रकाराने. एचएसपी-70 नावाचं हीट शॉक प्रोटीन नेमके हे उघडे तुकडे पकडतं, एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून सोडतं, परत पकडतं, आणि प्रत्येक वेळी साखळीला नीट घडी घालायची आणखी एक संधी मिळते.

पण गरम झालंय हे पेशीला कळतं कसं? एचएसएफ-1 नावाचं एक प्रथिन असतं, त्याला एरवी एचएसपी-70 सारख्यांनीच धरून ठेवलेलं असतं. बिघडलेली प्रथिनं वाढली की हे सगळे तिकडे धावतात, एचएसएफ-1 मोकळं होतं, तिघं-तिघं एकत्र येतात आणि डीएनएवर जी-ए-ए ही अक्षरं ठरावीक अंतराने उलटसुलट आलेली असतात तिथे जाऊन बसतात आणि शेजारची हीट शॉक प्रोटीनची जीन्स चालू करतात. म्हणजे पेशी तापमानापेक्षा बिघाड मोजते. चिलटात तर आणखी कमाल आहे, एचएसपी-70 च्या जीनवर आरएनए (जीनची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) बनवणारं पॉलिमरेज आधीच चढून 20-40 अक्षरं वाचून थांबलेलं असतं, एचएसएफ येऊन बसलं की पी-टीईएफबी नावाचं एन्झाइम त्याचा अडसर काढतं आणि ते सुटतं. शिवाय चिलटाच्या ह्या जीनमध्ये मधले कापून टाकायचे तुकडे, इंट्रॉन, नसतातच. जोरदार उष्णतेत कापून जोडायची यंत्रणाच अडखळते, त्यामुळे इंट्रॉनवाली जीन्स अडकून पडतात आणि हे मात्र चालू राहतं.

बॅक्टेरिया, भात, माणूस, सगळ्यांकडे एचएसपी-70 चे भाऊबंद आहेत. म्हणून ‘पेशींमधला स्ट्रेस मुळापासून काढणारी’ पावडर विकणाऱ्यांचे मेसेज आले की मला राग येतो. पेशी रोज हा ताण झेलतच जगते, आणि कॅन्सरच्या पेशी तर हीच प्रथिनं भरपूर बनवून स्वतःला वाचवतात, तेव्हा डबा उघडून चमचाभर काहीतरी खाल्लं आणि यंत्रणा हवी तशी वरखाली केली असं होत नाही.

हे सगळं मला आठवतं ते किनाऱ्यावर. अष्टमी-नवमीला भांगाची ओहोटी आमच्याकडे दुपारच्या सुमारास लागते. पाणी फार उतरत नाही पण वरचा काळा कातळ उघडा पडतो, मे महिन्यात त्याच्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. त्याच कातळाला कालवं चिकटलेली, शिंपले घट्ट मिटून. त्यांना सावलीत जायची सोय नाही. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर असेच भरती-ओहोटीत राहणारे शिंपले असतात, आपल्या शिणाण्यांसारखे. ग्रेचेन हॉफमन आणि जॉर्ज सोमेरो यांनी 1995 मध्ये दाखवलं की त्यांच्यात उन्हाळ्यात एचएसपी-70 हिवाळ्यापेक्षा जास्त असतं, आणि मोडीत काढायची खूण लागलेली बिघडकी प्रथिनंही जास्त असतात. म्हणजे प्रयोगशाळेतल्या गरम पाण्यातच नाही, रोजच्या उन्हातही प्रथिनं बिघडतात.

भरती चढली, कातळ थंड झाला की नवा बिघाड थांबतो, रिकाम्या झालेल्या एचएसपी-70 ला काम उरत नाही, ते परत एचएसएफ-1 ला धरून ठेवतं आणि जीन बंद होतं. बनलेली प्रथिनं मात्र लगेच जात नाहीत, पेशीत शिल्लक राहतात, म्हणून एकदा बेताने तापलेली पेशी पुढचा मोठा तडाखा जास्त चांगला सोसते. दुसऱ्या दिवशी ओहोटी साधारण 50 मिनिटं उशिरा लागते. तोच कातळ परत उघडा पडतो, तेव्हा कालवांकडे आदल्या दुपारचा साठा असतो.