लूप्समध्ये चष्म्याचा नंबर बसवणे

दंतवैद्य आणि मेंदू, हृदय, रक्तवाहिन्या किंवा प्लास्टिक सर्जरीचे शल्यविशारद कामाची जागा मोठी दिसावी म्हणून चष्म्याच्या चौकटीवर बसवलेल्या ज्या दोन छोट्या दुर्बिणी वापरतात, त्यांना व्यवहारात लूप्स म्हणतात. ज्या डॉक्टरांना मुळातच चष्मा आहे, त्यांच्या नंबरची भिंगे या उपकरणात योग्य ठिकाणी बसवणे हे चष्मेतज्ज्ञ आणि लूप्सचे निर्माते या दोघांचे काम असते. द्विनेत्री लूपची सुरुवात १८७६ च्या सुमारास जर्मन नेत्रवैद्य एडविन थेओडोर झेमिश यांच्या साध्या उपकरणापासून मानली जाते. आजच्या लूप्समध्ये मात्र गॅलिलिओच्या धर्तीची (साधारण २.५ ते ३.५ पट) किंवा केप्लरच्या धर्तीची, लोलक असलेली (३.५ पटीपासून पुढे) दुर्बीण असते.

या दुर्बिणीची रचना समजली की नंबरचा प्रश्न निम्मा सुटतो. समोरचे भिंग ठरावीक अंतरावरच्या, समजा ४० सेंटिमीटरवरच्या, वस्तूकडून येणारे किरण अशा तऱ्हेने वळवते की डोळ्यापर्यंत ते समांतर पोहोचतात आणि वस्तू दूरवर असल्यासारखा डोळा शिथिल राहतो. म्हणून दुर्बिणीच्या डोळ्याकडील टोकाला जवळचा नव्हे, तर लांबचा नंबर बसवावा लागतो. चाळिशी लागलेल्या डॉक्टरांना हे ऐकून नवल वाटते, कारण हात जवळ आहेत म्हणजे जवळचाच नंबर लागणार, असा सहज समज असतो. दुर्बिणीभोवतीच्या काचेची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातून ट्रेमधील हत्यारे, टाक्यांचा दोरा आणि रुग्णाचा चेहरा पाहायचा असतो आणि तेथे दुर्बिणीची मदत नसते. या काचेत चाळिशीचा जवळचा नंबर खालच्या भागात किंवा गरजेप्रमाणे पूर्ण काचेत द्यावा लागतो. एकाच चौकटीत दोन जागी दोन वेगळे नंबर असणे, हाच या कामाचा गाभा आहे.

लांबचा नंबर दुर्बिणीत न बसवल्यास काय होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. २.५ पट लूप ४० सेंटिमीटरसाठी बनवला असून वापरणाऱ्याचा उणे २ नंबर दुरुस्त केलेला नसेल, तर दुर्बिणीतून जाताना हा दोष दुर्बीण जितके पट मोठे दाखवते त्या आकड्याच्या वर्गाने, म्हणजे ६.२५ ने, भागला जातो आणि वस्तूच्या बाजूला ०.३२ डायॉप्टरचा (नंबर मोजण्याच्या एककाचा) फरक पडतो. परिणामी स्पष्ट दिसण्याचे अंतर ४० ऐवजी सुमारे ३५.५ सेंटिमीटर होते. तेवढे साडेचार सेंटिमीटर डॉक्टर नकळत मान पुढे घालून भरून काढतात. चित्र स्पष्ट दिसते, दोष मात्र मानेत आणि पाठीत जाऊन बसतो. अधिक २ नंबर असलेला तरुण डोळा उलट स्वतःच्या स्नायूंवर सतत ताण देऊन तीच जागा टिकवतो आणि दिवसाअखेर डोके दुखू लागते. ४ पट लूपमध्ये उणे २ मुळे अंतर ३८ सेंटिमीटरपर्यंतच येते, पण तेथे स्पष्टतेचा पट्टाही (म्हणजे जितक्या अंतरात चित्र स्पष्ट राहते तो टप्पाही) अरुंद असल्याने ही सूट फारशी उपयोगी पडत नाही. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतील किंवा सिलिंडर नंबर (ठरावीक दिशेतच लागणारा, तिरकस दोषाचा नंबर) असेल, तर मान कितीही पुढेमागे केली तरी भागत नाही. तेथे दुर्बिणीतील भिंगाला पर्यायच नाही, आणि सिलिंडरचा अक्ष बसवताना फिरणार नाही याची विशेष काळजी घ्यावी लागते.

बसवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिल्या पद्धतीत काचेला छिद्र पाडून दुर्बीण त्यात कायमची चिकटवतात. अशी दुर्बीण डोळ्याजवळ येते, दृष्टिक्षेत्र मोठे मिळते आणि वजनही कमी राहते. मात्र नंबर बदलला की संपूर्ण लूप निर्मात्याकडे परत पाठवावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत दुर्बीण चौकटीसमोर बिजागरीवर असते आणि वर उचलता येते. दुर्बिणीतूनही याच काचेमार्फत पाहायचे असल्याने लांबचा नंबर काचेतच बसतो आणि काच स्थानिक चष्मेवाल्याकडूनही बदलता येते. नंबर दर वर्षा-दोन वर्षांनी बदलत असेल, तर थोडे वजन सोसून दुसरी पद्धत निवडणे शहाणपणाचे आहे.

मापे घेताना ताजा नंबर तर हवाच. त्याशिवाय प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीचे नाकाच्या मध्यरेषेपासूनचे अंतर स्वतंत्रपणे मोजावे लागते. बाहुल्यांमधले अंतर ६४ मिलिमीटर असेल, तर ४० सेंटिमीटरवर पाहताना प्रत्येक डोळा सुमारे साडेचार अंश आत वळतो आणि दोन्ही दुर्बिणी त्याच कोनात बसवाव्या लागतात. कामाचे अंतर नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीच्या बैठकीत मोजावे. उंच माणसाला ते अर्थातच जास्त लागते. मोठ्या नंबरांसाठी भिंगाचे डोळ्यापासूनचे अंतरही हिशेबात घ्यावे लागते. उणे ८ चे भिंग डोळ्यापासून ६ मिलिमीटरने दूर गेले, तर तोच परिणाम मिळवण्यासाठी ते जवळजवळ उणे ८.४० चे असावे लागते.

तयार लूपच्या बाहेरच्या काचेचा नंबर लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) तपासता येतो. दुर्बिणीतील भिंग एकदा चिकटवले की मात्र त्याचा आकडा दुर्बिणीच्या रचनेत मिसळून येतो. म्हणून खरी तपासणी लूप घालूनच करावी लागते: ठरलेल्या अंतरावर बारीक अक्षरांचा कागद धरून आधी एकेक डोळा झाकून वाचावे, मग दोन्ही डोळ्यांनी पाहताना दोन वर्तुळे मिळून एकच दिसते का हे पाहावे. एक डोळा झाकल्यावर वाचण्यासाठी डोके पुढे न्यावे लागत असेल, तर त्या डोळ्याच्या दुर्बिणीतील नंबर पुन्हा तपासून घ्यावा.