कट मारताना नजर कुठे ठेवावी: संपर्कबिंदू आणि नेमबिंदू

पूल या टेबलावरच्या खेळात सरळ रेषेतला बॉल पॉकेटमध्ये बऱ्यापैकी घालणारा नवखा खेळाडू तिरका बॉल समोर आला की चुकू लागतो. तो आपल्या हाताला दोष देतो. पण पुष्कळदा हात ठीक असतो आणि नजरेने धरलेली जागाच चुकीची असते. कट मारताना, म्हणजे बॉल तिरका वळवून घालताना, दोन जागा विचारात घ्याव्या लागतात. रंगीत बॉलच्या ज्या ठिकाणी स्टिकने मारलेला पांढरा बॉल टेकला पाहिजे, तो संपर्कबिंदू. आणि टेकण्याच्या त्या क्षणी पांढऱ्या बॉलचे केंद्र जिथे असले पाहिजे, तो नेमबिंदू. सरळ शॉटमध्ये दोन्ही एकाच रेषेवर येतात, त्यामुळे त्यांतला फरक तिथे कधी जाणवतच नाही.

संपर्कबिंदू शोधणे सोपे आहे. पॉकेटच्या मध्यापासून रंगीत बॉलच्या केंद्रातून जाणारी रेषा मनात ओढावी. ती बॉलच्या पलीकडच्या बाजूने जिथे बाहेर पडते, तोच संपर्कबिंदू. पांढरा बॉल कुठेही असला तरी ही जागा बदलत नाही. नेमबिंदू त्याच रेषेवर, पण संपर्कबिंदूच्या आणखी अर्धा बॉल मागे असतो. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर असल्याने हे अंतर जेमतेम 28.6 मिलिमीटर भरते. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे.

बिघडते ते असे. समजा कट 30 अंशांचा आहे, म्हणजे रंगीत बॉल पांढऱ्याच्या वाटेपासून 30 अंश वळायला हवा, पांढरा बॉल बराच दूर आहे आणि खेळाडूने त्याचे केंद्र थेट संपर्कबिंदूवर रोखले आहे. पांढरा बॉल तिथवर पोहोचण्याआधीच त्याची कड रंगीत बॉलला अलीकडे भिडते, शॉट जाड लागतो, म्हणजे बॉल हवा त्याहून कमी वळतो, आणि प्रत्यक्ष कट साधारण साडेचौदा अंशांचाच होतो. पॉकेट तीन फुटांवर असेल, तर बॉल सुमारे 25 सेंटिमीटर बाजूला जातो, आणि नऊ फुटी टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड असते जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरचे. कट जितका पातळ, म्हणजे कोन जितका मोठा, तितकी ही चूक वाढत जाते.

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या पूल पार्लरमध्ये पहिल्यांदा स्टिक धरणाऱ्याचा हात बहुधा कॅरमवर बसलेला असतो, आणि कॅरममध्ये आपण कट सर्रास मारतो. मग इथेच अडते कुठे? कॅरमवर आपण वरून पाहतो, स्ट्रायकरची कड सोंगटीला कुठे भिडणार ते सबंध दिसते, आणि स्ट्रायकरचे केंद्र वेगळे शोधावे लागत नाही. पूलमध्ये हनुवटी जवळजवळ स्टिकला टेकते, बॉल समोरून दिसतो आणि मधले अंतर नजरेला आखडल्यासारखे वाटते. म्हणून नेमबिंदू उभ्यानेच ठरवून मग वाकावे, हे माझ्या मते नवख्याने पहिल्या दिवसापासून लावून घेण्यासारखे वळण आहे.

सरावासाठी रंगीत बॉलला चिकटून, पॉकेटच्या रेषेतच, एक जादा बॉल ठेवावा. तो बॉल जिथे कापडावर टेकतो, ती जागा नीट पाहून ठेवावी, बॉल उचलावा आणि पांढरा बॉल त्या जागेवरून न्यायचा आहे असे समजून मारावे. खडूची खूण मात्र करू नये. कापड खराब होते आणि पार्लरवाल्याची बोलणी खावी लागतात.

यात एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागते. पांढरा बॉल लांब असताना 30 अंशांच्या कटसाठी नेमरेषा, म्हणजे पांढऱ्या बॉलपासून नेमबिंदूकडे जाणारी रेषा, रंगीत बॉलच्या अगदी कडेवर येते, आणि त्याहून पातळ कटसाठी ती बॉलच्या बाहेर, मोकळ्या कापडावर पडते. समोर बॉल दिसत असताना रिकाम्या जागेवर नेम धरणे नवख्याला जड जाते; मारण्याच्या ऐन क्षणी नजर पुन्हा संपर्कबिंदूकडे ओढली जाते, तिच्या मागोमाग स्टिकही वळते आणि शॉट जाड होतो.

नेमबिंदू अचूक असूनही बॉल किंचित जाड जातो, तेव्हा कारण वेगळे असते. दोन बॉल घासतात आणि त्या घर्षणाने रंगीत बॉल पांढरा ज्या दिशेने चालला होता त्या दिशेला थोडा ओढला जातो. हळू मारलेल्या शॉटमध्ये हा परिणाम जास्त दिसतो, आणि बॉल मळलेले असले की आणखी वाढतो. उन्हाळ्यात मराठवाड्यातली धूळ दारे लावूनही आत येते, तेव्हा खेळण्याआधी बॉल पुसून घेतलेले बरे. दोन्ही चुका जाडच्याच बाजूच्या असल्याने त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. वेग कसाही असला तरी बॉल हातभर बाजूला जात असेल, तर नेम संपर्कबिंदूवर धरला जात आहे. हळू शॉट पॉकेटच्या जबड्याला लागून परतत असेल आणि तोच कट जोरात मारल्यावर बॉल आत जात असेल, तर नेमबिंदू बरोबर आहे, फक्त हळू मारताना तो केसभर पातळ धरावा.