शॉकप कडक नाही, उंच झालाय: प्रीलोड आणि डॅम्पिंगचा घोळ

शारजात राहणाऱ्या माझ्या एका मित्रानं गेल्या हिवाळ्यात सेकंडहँड रॅप्टर ७०० आर, म्हणजे यामाहाची चारचाकी क्वाड बाइक, घेतली. पहिल्याच शनिवारी ती ट्रेलरवर चढवून आम्ही हत्ता रस्त्यावर अल बदायरला, बिग रेड म्हणतात त्या लाल टेकाडाशी नेली. टेकाड उतरून सपाटीला लागलं की गाडीची मागची बाजू बसायची आणि धाडकन आपटायची. सोमवारी गॅरेजवाल्यानं निदान केलं, "शॉकप मऊ पडलाय, टाइट करून देतो." छिन्नी-हातोडी घेतली आणि प्रीलोडची रिंग, म्हणजे शॉकपवरची स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी कडी, जाईल तितकी ठोकून दिली. पुढच्या शनिवारी आपटणं जरा कमी झालं, पण गाडी उंचवट्यावर मागून लाथ मारायला लागली. मित्र परत गॅरेजकडे निघाला होता, "आता थोडा सैल करून आणतो" म्हणत. तेव्हा त्याला थांबवून जे सांगितलं तेच इथं लिहितोय. एकेकाला सांगून माझा घसा बसलाय.

"प्रीलोड आवळला की शॉकप कडक होतो." नाही होत.

मोटरसायकल चालवत असाल तर प्रीलोड तुम्हाला माहीत आहेच. मागच्या शॉकपला खाचांची कडी असते, डबलसीट जायचं असलं की ती एक-दोन खाचा वाढवायची. घोळाचं मूळही तिथंच आहे. मागं माणूस बसला, खाच वाढवली, गाडी ढेपाळायची थांबली, म्हणजे शॉकप कडक झाला, असं डोक्यात पक्कं बसतं. प्रत्यक्षात गाडी फक्त पुन्हा आपल्या उंचीवर आलेली असते.

हिशेब करून बघा. समजा एक स्प्रिंग दर १० किलोला १ सेंटिमीटर दबते. तिच्यावर ५० किलो भार आला, ती ५ सेंटिमीटर दबली. आता रिंग फिरवून ती आधीच २ सेंटिमीटर दाबून ठेवली आणि तोच भार दिला. पहिल्या २० किलोंना ती हलणारच नाही, उरलेल्या ३० किलोंनी ३ सेंटिमीटर दबेल. गाडी २ सेंटिमीटर उंच राहिली. इथून पुढं चाकाखाली उंचवटा आला आणि आणखी ३० किलोंचा दाब पडला, तर पहिल्या वेळी शॉकप किती दबेल? ३ सेंटिमीटर. दुसऱ्या वेळी? तेवढाच. स्प्रिंगची ताकद तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवर ठरते, रिंगवर नाही. पोराला पाटावर उभं केलं म्हणून पोर वाढत नाही.

मग बुडाला कडक का लागतं? एक तर बसल्यावर गाडी पूर्वीइतकी खाली जात नाही आणि हातानं दाबली तर सुरुवातीला हलतच नाही. दुसरं, शॉकप जवळजवळ पूर्ण लांबलेलाच असतो, त्यामुळे खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि शॉकप वरच्या टोकाला ठक्कन लागतो. आणि आधीच दाबून ठेवलेली स्प्रिंग परतताना जास्त जोरानं ढकलते. मित्राची गाडी लाथ मारत होती ती यामुळे. याला कडकपणा म्हणायचं असेल तर म्हणा, पण छिन्नी ठेवून द्या.

एक अपवाद मान्य करतो. काही क्वाडच्या पुढच्या शॉकपना एकावर एक दोन स्प्रिंगा असतात, वरची मऊ, खालची जाड. प्रीलोड इतका आवळला की मऊ स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकली, तर उरलेलं काम एकट्या जाड स्प्रिंगवर येतं आणि तिथं मात्र शॉकप खरोखर कडक होतो. पण हा काही सेटिंगचा मार्ग नव्हे, ती स्प्रिंग मारून टाकणं आहे.

डॅम्पिंग म्हणजे शॉकपच्या हालचालीला होणारा अडथळा, आणि तो स्प्रिंगचा नसतो, तेलाचा असतो. शॉकपच्या आत तेल असतं, ते बारीक वाटांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपांतून जातं. त्याचा अडथळा शॉकप किती वेगानं हलतोय यावर अवलंबून, किती दबलाय यावर नाही. गाडी उभी असली तर डॅम्पिंग शून्य. खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशनचा, म्हणजे दबताना अडवणारा, स्क्रू पूर्ण बंद करा आणि सीटवर बसा. गाडी आधीइतकीच बसेल, फक्त सावकाश बसेल. हे एकदा स्वतः करून पाहिलेला माणूस पुन्हा घोळ घालत नाही, असा माझा अनुभव आहे.

दबताना अडवतं ते कॉम्प्रेशन, परतताना अडवतं ते रिबाउंड. रिबाउंड फार बंद असला तर वाळूत ओळीनं येणाऱ्या उंचवट्यांवर शॉकपला परत लांबायला वेळ मिळत नाही आणि मागची बाजू खाली खाली जात राहते. फार मोकळा असला तर लाथ. आणि कॉम्प्रेशनवरचं 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' हे गाडीच्या वेगाबद्दल नाही, शॉकपच्या दांड्याच्या वेगाबद्दल आहे! टेकाडाच्या पायथ्याला फुल थ्रॉटलनं गाडी हळूहळू बसते तो लो स्पीड. रांगत जाताना चाक दगडाच्या कडेवर आदळलं तो हाय स्पीड. स्क्रू फिरवण्यापूर्वी तो हलक्या हातानं पूर्ण बंद करून किती टिक होतात ते मोजा, लिहून ठेवा. जोर लावून बंद केला तर आतली सुई खराब होते.

आता क्रम. आधी टायरची हवा. मोटरसायकलला ३० पीएसआय भरणारा माणूस क्वाडलाही पंपावर २० भरून येतो आणि मग "सस्पेन्शन फार कडक आहे" म्हणतो. या टायरना ४-५ पीएसआय लागतं, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, साधा गेज एवढ्या खाली नीट दाखवत नाही. मग सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती बसते ते. मागून उचलून चाकं नुसती लोंबती ठेवा, एक्सलच्या मध्यापासून वर फ्रेमवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग हेल्मेट-बुटांसकट बसा, दोनदा दाबून सोडा, पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश हवा. ७०० आरची मागची चाल १०.१ इंच, म्हणजे सव्वातीन-साडेतीन इंच. प्रीलोडचं काम एवढंच. रिंग फिरवण्याआधी आटे ब्रशनं साफ करा, लॉकरिंग सैल करा, हुक पाना वापरा.

आणि आता खरी गोम. सॅग जुळला की उतरा आणि गाडी नुसत्या स्वतःच्या वजनानं किती बसते ते मोजा. काहीच बसत नसेल, तर बहुतेक जण म्हणतात स्प्रिंग फार जाड आहे. उलटं आहे. स्प्रिंग तुमच्या वजनाला पातळ आहे, म्हणूनच ती इतकी आवळावी लागली. माझा मित्र ९४ किलोंचा. त्याच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. कंपनी मध्यम वजनाचा माणूस धरून स्प्रिंग बसवते, त्यापुढं रिंग किती फिरवणार?

बाकीचं उरकतो. साखळी, इंजिन ऑइल, ब्रेक पॅड यांचं तुम्हाला सांगायला नको, मोटरसायकलसारखंच. फोमचा एअर फिल्टर मात्र वाळूत प्रत्येक फेरीनंतर धुवायचा, पेट्रोलनं नव्हे (जोड सुटतात), आणि वाळवून फिल्टर ऑइल लावल्याशिवाय परत बसवायचा नाही. कोरडा फोम म्हणजे वाळूला उघडं दार. पहिला खर्च सायलेन्सरवर करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना ऐकूच येत नाही. माझा पहिला खर्च नर्फ बारवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमध्ये बाजूला लावायच्या जाळीच्या दांड्यांवर, कारण फूटपेगवरून पाय घसरला तर तो मागच्या चाकाखाली जातो. दुसरा स्प्रिंगवर.

मित्रानं जाड स्प्रिंग बसवली, प्रीलोड बराच मोकळा झाला, रिबाउंड दोन टिक बंद केला. आपटणं थांबलं, लाथही. रिंगच्या खाचा मात्र छिन्नीनं अशा चेपल्यात की हुक पाना दर दुसऱ्या झटक्याला निसटतो, आणि नवी रिंग मागवायची का, यावर आता आमचा वाद चालू आहे.