नाक मुरडलं, पण दिसलं कुणाला?

२०२० सालची गोष्ट. मालवणच्या मासळी बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघितले, तर तांबडेपणाचा पत्ता नाही. मी नाक मुरडलं. टोपलीमागच्या मावशी फणकारल्या, "रागावतास कित्याक?" रागावलो कुठे होतो? मास्कमधूनही वास आला, एवढंच. पण मुरडलेलं नाक मास्कखाली, आणि वर उरल्या होत्या नुसत्या आक्रसलेल्या भुवया.

मावशींची चूक नव्हती. त्याच वर्षी जर्मनीतल्या बामबर्ग विद्यापीठातले क्लाउस-क्रिश्चन कार्बन यांनी ४१ जणांना उघडे आणि मास्क चढवलेले चेहरे दाखवले. झाकलेल्या चेहऱ्यावरची किळस पुष्कळांना राग वाटली, आनंदी आणि दुःखी चेहरे निर्विकार वाटले. भीती मात्र जवळपास पूर्वीइतकीच ओळखू आली. किळस उमटते नाकाच्या सुरकुत्यांत आणि वर चढलेल्या ओठात. भीती विस्फारलेल्या डोळ्यांत. हसणं दोन्हीकडे असतं. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं की, मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो. म्हणजे पाहुण्यांसाठी ओठांवर आणलेलं हसू मास्कखाली पार फुकट जातं!

पण डोळे उघडे असून भागत नाही, तिकडे बघावंही लागतं. मेंदूतला अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका बाईंना समोरच्याची भीती ओळखता येत नसे. २००५ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं, की त्या डोळ्यांकडे बघतच नाहीत. "डोळ्यांकडे बघा" असं सांगितलं, की त्यांना भीती ओळखता येई. सांगायचं थांबलं, की पुन्हा पहिले पाढे. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्यांच्या भावना ओळखून हाताळण्याच्या कुवतीची मांडणी केली, तीत भावना ओळखणं ही पहिली पायरी होती. ती पायरी काही अंशी नजर कुठे टाकायची एवढ्यावर अडते, हे मला तरी भारी वाटतं.

आणि डोळेही झाकलेले असले तर? २०१२ मधल्या एका प्रयोगात टेनिसपटूंचे नुसते चेहरे बघून लोकांना गुण जिंकला की हरला ते सांगता आलं नाही. नुसतं शरीर बघून आलं. कोकणातल्या दशावतारी नाटकात संकासुर या राक्षसाचं तोंड काळ्या कापडात गुंडाळलेलं असतं. तो रुसला की आधी त्याचे खांदे पडतात, आणि पुढे बसलेली पोरं तो बोलायच्या आतच फिदीफिदी हसायला लागतात.