लेव्हल ग्राइंडिंग

जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन कथेतून पुढे जायच्या व्हिडिओ गेममध्ये, कथा पुढे न नेता, केवळ पात्रांची ताकद वाढवण्यासाठी किरकोळ शत्रूंशी त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा लढण्याची रीत. जपानीत तिला ‘रेबेरु-आगे’ म्हणजे लेव्हल चढवणे, किंवा ‘केइकेन्ची-कासेगी’ म्हणजे अनुभवाची कमाई म्हणतात. इंग्रजीतला ग्राइंड म्हणजे दळणे. मराठीतही कंटाळवाण्या पुनरुक्तीला आपण ‘तेच ते दळण’ म्हणतो, त्यामुळे हा शब्द इकडे अर्थासकट पोचतो. जपानी ‘कासेगी’ला मात्र कंटाळ्याचा वास नाही, ती घाम गाळून केलेली कमाई आहे. एकच गोष्ट कुणाला दळण वाटते नि कुणाला कमाई, हे बहुतांशी तो गेम कसा बेतला आहे यावर ठरते.

मूळ यंत्रणा साधी आहे. लढाई जिंकली की एक्सपिरियन्स पॉइंट, म्हणजे एक्सपी मिळतात. ते ठरावीक संख्येला पोचले की लेव्हल एकाने वाढते आणि तिच्याबरोबर एचपी (म्हणजे मार सोसण्याची ताकद), बळ, चपळाई, मंत्र यांत भर पडते. शत्रू मात्र आपापल्या इलाख्यात जसेच्या तसे राहतात. काल ज्याच्यापुढून पळ काढावा लागला तो आज दोन वारांत आडवा होतो. या मधल्या काळात खेळणाऱ्याचा हात सुधारलेला नसतो, की डोकेही. वाढलेला असतो तो फक्त आकडा. म्हणूनच ग्राइंडिंगला वेळखाऊ सवय एवढेच म्हणून सोडून देणे बरोबर नाही. सेटिंगच्या पानावर ‘सोपे, मध्यम, अवघड’ असे पर्याय येण्याच्या कितीतरी आधी, खेळ किती अवघड ठेवायचा हे खेळणाऱ्याच्या हाती देणारी ती सोय होती. किंमत वेळेत चुकवायची, एवढेच.

उगम

एक्सपी आणि लेव्हल या कल्पना १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या खेळातल्या. तिथून त्या संगणकावर गेल्या. १९८१ सालच्या ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या दोन गेमचा होरी युजी या जपानी गेमकारावर मोठा प्रभाव पडला. पण हे गेम महागड्या संगणकावर, जाड माहितीपुस्तिका उलटत खेळायचे होते. होरी आणि चुन्सॉफ्ट या कंपनीचे नाकामुरा कोइची यांनी तोच साचा निन्तेन्दोच्या फॅमिकॉमसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या घरगुती यंत्रासाठी सुटसुटीत केला. एनिक्स कंपनीने तो २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या नावाने बाजारात आणला.

फॅमिकॉम घेऊन बसणारी मुले तोवर ‘सुपर मारिओ’ खेळत होती. मारिओत उडी चुकली की खेळ खलास. ज्याचा हात बसत नाही त्याला पुढचे जग दिसतच नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये पाळीपाळीने हुकूम द्यायचा असतो, घाई नसते. शिवाय अडलेल्याला एक वाट कायम मोकळी असते: मागे जा, आणखी थोडे लढा, बळ घेऊन परत या. चिकाटी असलेला कुणीही शेवट गाठू शकेल, हे या रचनेचे आश्वासन होते आणि जपानमध्ये ते अफाट चालले.

त्या गेमचा पहिला तास पाहण्यासारखा आहे. राजा नायकाला १२० नाणी देतो. गावच्या दुकानात तांब्याची तलवार १८० ला, म्हणजे आवाक्याबाहेर. मग ६० चा सोटा किंवा १० ची बांबूची काठी, थोडे चिलखत, जमल्यास एखादी जडीबुटी, एवढ्यावर बाहेर पडायचे. वाड्याबाहेर निळे, थेंबाच्या आकाराचे स्लाइम भेटतात. एक स्लाइम मारला की एक एक्सपी. दुसऱ्या लेव्हलला ७ लागतात, तिसरीला २३, चौथीला ४७, पाचवीला ११०. तिसरीवर जखम भरून काढणारा पहिला मंत्र मिळतो आणि गावापासून आणखी थोडे लांब जायची हिंमत येते. पूल ओलांडला की पलीकडचे शत्रू एकदम जबर असतात. तिथे भिंत नाही की पहारा नाही, फक्त मार आहे. शेवटच्या खलनायकाचा किल्ला तर पहिल्याच पडद्यावर पाण्यापलीकडे दिसत असतो. वाट कुणीच अडवलेली नाही, पण आपली लायकी नाही, हे खेळ असा एक शब्दही न बोलता सांगतो.

हरलो तरी सारे बुडत नाही. नायक पुन्हा राजापुढे उभा राहतो, राजा ‘मेलास म्हणजे काय!’ अशा थाटात कानउघाडणी करतो, निम्मी नाणी जातात; एक्सपी मात्र शाबूत राहतात. हा बारीकसा नियम फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे फसलेली मोहीमसुद्धा थोडीफार कमाई देऊन जाते.

खरी धास्ती वेगळीच होती. कॅसेटमध्ये खेळ साठवायची सोय नव्हती. राजा वीस जपानी अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ द्यायचा, तो वहीत उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच भरायचा. जुन्या टीव्हीच्या धूसर पडद्यावर ‘नु’ आणि ‘मे’ ही सारख्या वळणाची अक्षरे हमखास गोंधळ घालत. एक अक्षर चुकले की आठवडाभराची कमाई पाण्यात. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला; १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि वह्या सुटल्या.

आकड्यांचे गणित

प्रत्येक पुढची लेव्हल आधीपेक्षा महाग असते. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये दहावीला २,००० आणि शेवटच्या, तिसाव्या लेव्हलला ६५,५३५ एक्सपी लागतात. हा शेवटचा आकडा कुणा डिझायनरच्या आवडीचा नाही. दोन बाइटमध्ये मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. मोजमाप तिथे संपले म्हणून लेव्हलही संपली. १९९६ साली आलेल्या ‘पोकेमॉन’मध्ये अनेक प्राण्यांसाठी सरळ घनाचे सूत्र आहे: दहावी लेव्हल म्हणजे १,०००, शंभरावी म्हणजे १०,००,०००. परिणाम असा की एकाच जागी बसून स्लाइम मारत राहणे लवकरच परवडेनासे होते आणि खेळणारा आपसूक पुढच्या, अवघड इलाख्याकडे ढकलला जातो. नीट बेतलेल्या गेममध्ये हे ढकलणे कळतही नाही. गणित फसलेले असले की मात्र वाटेत येणाऱ्या लढाया पुरत नाहीत, आणि खेळणाऱ्याला गावाबाहेर गोल गोल फिरत बसावे लागते.

या गणितात एक लॉटरीही आहे, ती म्हणजे मेटल स्लाइम. पहिल्या गेममध्ये त्याचा एचपी जेमतेम ४ आणि मारल्यास ११५ एक्सपी. पण त्याच्यावर घाव सहसा लागत नाही आणि संधी मिळताच तो धूम ठोकतो. त्याच्या पळण्याने जितक्या शिव्या खाल्ल्या असतील तितक्या शेवटच्या बॉसनेही, म्हणजे बड्या खलनायकानेही, नसतील. कंटाळवाण्या कामात अधूनमधून असे घबाड पेरले की माणूस ‘आणखी एकच’ म्हणत बसून राहतो, हे होरींनी बरोबर हेरले होते. पुढच्या भागांत याच कुळातले आणखी मोठे मासे आले.

जागा आणि युक्त्या

कुठे लढले तर वेळेच्या मानाने जास्त पदरात पडते, हे शोधणे हा खेळातला एक खेळ झाला. ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या भागात (१९८७) प्रावोका गावाच्या ईशान्येला जमिनीचा एक चिंचोळा तुकडा आहे. नकाशाच्या आखणीतल्या चुकीमुळे तिथे खूप पुढच्या प्रदेशातले शत्रू भेटतात. त्यांना पुरून उरले तर लेव्हल झपाट्याने चढते, म्हणून इंग्रजीभाषक खेळाडूंनी या जागेला ‘बळाचे द्वीपकल्प’ अशा अर्थाचे नाव दिले.

‘फायनल फँटसी ६’मधली (१९९४) लेटे नदीची युक्ती तर निव्वळ आळसाचा कळस आहे. तराफ्यावरून जाताना एका फाट्यावर विशिष्ट दिशा निवडली की नदी फिरून त्याच जागी आणते, आणि वाटेत लढाया होतच राहतात. सोबतच्या बॅनन या म्हाताऱ्याकडे सगळ्यांना फुकटात बरे करणारी प्रार्थना असते. सेटिंगमध्ये कर्सर मागचीच निवड लक्षात ठेवील असे करायचे, कंट्रोलरच्या बटणावर चिकटपट्टी लावायची किंवा काहीतरी जड ठेवायचे, आणि खुशाल झोपायला जायचे. सकाळी सगळी मंडळी तगडी झालेली. दळण एवढे यांत्रिक असेल तर जाते माणसानेच का ओढावे, हा प्रश्न इथे खेळाडूंनीच सोडवून टाकला.

जिथे दळण चालत नाही

लेव्हलची ही शिडी मोडून पाहण्याचे प्रयत्नही जपानमध्ये लवकर सुरू झाले. कावाझु आकितोशी यांनी आखलेल्या ‘फायनल फँटसी २’मध्ये (१९८८) लेव्हलच नाही. तलवार वापरली की तलवारीचे कौशल्य वाढते, मार खाल्ला की एचपी. कागदावर कल्पना सुरेख होती. प्रत्यक्षात खेळाडू आपल्याच साथीदारांना बदडून काढू लागले, कारण एचपी वाढवण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता होता. त्यात फॅमिकॉमच्या आवृत्तीत हल्ल्याचा हुकूम देऊन लगेच रद्द केला तरी सराव मोजला जाई. नियम बदलला, दळण तेच राहिले, उलट जास्त विचित्र झाले.

‘फायनल फँटसी ८’मध्ये (१९९९) शत्रूंची लेव्हल आपल्याबरोबर वाढते. नुसती लेव्हल चढवणारा तिथे स्वतःचेच काम अवघड करून ठेवतो. कसलेले खेळाडू शत्रूंचे पत्ते बनवून, म्हणजे एक्सपी न घेता, ताकद मंत्रांच्या जोडणीतून मिळवतात. जुन्या सवयीने आलेल्यांना हा गेम अन्यायी वाटला, यात नवल नाही.

‘शिन मेगामी तेन्सेई ३: नॉक्टर्न’ने (२००३) दिलेले उत्तर मला यांतले सर्वांत चोख वाटते. त्यात शत्रूच्या दुबळ्या बाजूवर वार केला की जादा पाळी मिळते. वार हुकला किंवा शत्रूने तो जिरवला की पाळ्या कापल्या जातात. वाढीव आवृत्तीतला मॅटाडोर हा बैलझुंजीच्या वेशातला सांगाडा सुरुवातीलाच आडवा येतो. लाल कापड झटकून तो आपली चपळाई कमाल पातळीवर नेतो; मग आपले वार हुकतात, हुकल्याने पाळ्या जातात आणि पाहता पाहता चमूचे पानिपत होते. इथे पाच लेव्हल चढवून फारसे साधत नाही. त्याच्या वायुमंत्रांना दाद न देणारे पिशाच गोळा करायचे, त्याची चपळाई उतरवणारा मंत्र घ्यायचा, मग तोच बॉस आटोक्यात येतो. वेळ देऊन जिंकणे आणि विचार करून जिंकणे यांतला फरक एका लढाईत कळतो.

‘मदर २’ने (१९९४) सौम्य वाट काढली: आपण पुरेसे बलवान झालो की किरकोळ शत्रू आपल्याला पाहून पळतात, आणि गाठलेच तर लढाई न लावता विजय जाहीर होतो. याच्या अगदी उलट टोकाला ‘डिसगाया’ (२००३) आहे. तिथे लेव्हल ९,९९९ पर्यंत जाते, शिवाय पुनर्जन्म घेऊन पुन्हा पहिलीपासून सुरुवात करता येते. कथा हे निमित्त, दळण हाच उत्सव.

आवृत्ती बदलली की काठिण्य बदलते

समतोल किती नाजूक असतो हे ‘एल्नार्ड’ या गेमने दाखवले. अमेरिकेत ‘द सेव्हन्थ सागा’ नावाने नेताना त्यात नायकाची लेव्हलमागे होणारी वाढ कमी केली गेली, पण त्याचे प्रतिस्पर्धी तसेच ताकदवान राहिले. काही आकडे इकडचे तिकडे झाले आणि एक बरा गेम छळवादी म्हणून बदनाम झाला. ‘फायनल फँटसी ४’चे उलटे झाले. १९९१ साली अमेरिकेत तो सोपा करून नेला आणि त्याच वर्षी जपानमध्येही ‘ईझी टाइप’ निघाला.

महाराष्ट्रात, आणि एकूणच भारतात, हा प्रकार उशिरा पोचला. १९९० च्या दशकात इथे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून खपलेल्या फॅमिकॉमच्या नकलांबरोबर मिळणाऱ्या कॅसेटमध्ये मारिओ आणि काँट्रा असत. वाचत खेळायचे लांबलचक गेम त्यांत क्वचितच. लेव्हल चढवणे म्हणजे काय, हे इथल्या बऱ्याच मुलांना पुढे संगणकावर किंवा मोबाइलवर एम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून, ‘पोकेमॉन’ खेळताना कळले.

अलीकडे

मोठ्या वयाच्या खेळाडूंना गवतात तासन्‌तास फिरायला वेळ नाही, हे कंपन्यांनीही ओळखले आहे. लढाईचा वेग दुप्पट-चौपट करणे, वाटेतल्या लढाया बंद करणे, ‘पोकेमॉन’मधले संपूर्ण चमूला एक्सपी वाटणे या आता नित्याच्या सोयी आहेत. पोकेमॉनच्या २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये ही वाटणी बंद करता येत नाही म्हणून जुने खेळाडू चिडले, त्यांच्या मते कष्टच काढून घेतले होते. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’च्या २०२४ च्या नव्या रूपात तर सर्वांत सोप्या पातळीवर आपली पात्रे मरतच नाहीत. ‘टेल्स’ मालिकेच्या काही भागांत पैसे मोजून लेव्हल विकत घेता येतात. दळण आधी कंटाळवाणे ठेवायचे आणि मग त्यातून सुटका विकायची, हा धंदा मात्र पटत नाही.

जपानमध्ये ‘तेइ-रेबेरु कुरिआ’ म्हणजे शक्य तितक्या खालच्या लेव्हलवर गेम संपवण्याची परंपरा जुनी आहे. पूर्वी त्यासाठी लढायांतून पळत राहावे लागे किंवा मेलेल्या पात्रांना मुद्दाम मेलेलेच ठेवावे लागे, म्हणजे त्यांना एक्सपी मिळत नसत. जुन्या सहा ‘फायनल फँटसी’च्या २०२३ च्या कन्सोल आवृत्तीत एक्सपीचा गुणक शून्यापासून चारपर्यंत बदलता येतो. त्यातले चार हे वेळ नसलेल्यांसाठी आहे. खालच्या लेव्हलवर खेळणाऱ्या मंडळींनी अर्थातच शून्य निवडले.